सुफियाचे एकतीस शब्द

तालुक्याचे पुढारी शंकरराव यांच्या एकसष्टीचा विशेषांक काढायचे ठरले, तेव्हा दौंडच्या त्या साप्ताहिकाचे मालक, संपादक आणि जाहिरात-गोळा-अधिकारी सोपानराव यांनी सर्वांत आधी एक उपाधी तयार केली. समाजकारणधुरंधर. शब्द तोंडात मावत नव्हता, म्हणूनच तो त्यांना आवडला. तंबाखूची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात ढकलत त्यांनी तो तीनदा उच्चारला आणि मग त्याच शब्दावर एक स्पर्धा जाहीर केली. या शब्दातल्या अक्षरांपासून जास्तीत जास्त लहान शब्द बनवा. काना, अनुस्वार, उकार बदलायचा नाही. जे अक्षर जितक्या वेळा आले असेल, तितक्याच वेळा वापरायचे. पहिल्या क्रमांकाला भिंतीवरचे घड्याळ, तबकडीवर शंकररावांच्या हसऱ्या छायाचित्रासह. विजेत्याचे नाव आणि यादी अंकात ठळक छापली जाईल.

ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. पुण्यात संगणकावर अक्षरे जुळू लागली होती, पण सोपानरावांच्या छापखान्यात अजून एकेका अक्षराचे शिशाचे खिळे होते आणि ते जुळवणारा नागसेन होता. वय तेवीस, बोलणे कमी. रेल्वेत गँगमन असलेल्या त्याच्या वडिलांनी, मच्छिंद्र यांनी, सोपानरावांच्या चार वेळा विनवण्या करून त्याला इथे चिकटवले होते. नागसेनला माणसांपेक्षा अक्षरांची सोबत सोपी वाटे. अक्षरे उलटी असत, पण निदान ती उलटी आहेत हे आधीपासून ठाऊक असे.

स्पर्धेच्या याद्या तपासण्याचे काम साहजिकच त्याच्याकडे आले. त्याने त्यासाठी स्वतःची एक रीत काढली. उपाधीतली दहा अक्षरे त्याने खिळ्यांत जुळवली. ज्या अक्षराला काना, उकार वा अनुस्वार होता, त्याचे खिळे दोऱ्याने एकत्र बांधले. मग प्रत्येक स्पर्धकाचा प्रत्येक शब्द त्या दहांतून उचलून पाहायचा. उचलता आला तर बरोबर, मध्येच अक्षर संपले तर बाद. डोळा फसतो, खिळा फसत नाही.

सत्तेचाळीस याद्या आल्या होत्या. बहुतेकांत समाज, कारण, सरकार हे पहिले तीन असत आणि मग दम लागलेल्या माणसासारखी यादी रेंगाळत संपे. अठ्ठाविसावी यादी मात्र निराळी होती. वहीच्या दुरेघी पानावर, निळ्या शाईत, गोल अक्षरांत. वर नाव : सुफिया इमाम, मुक्काम तळेगाव ढमढेरे. पहिला शब्द होता काज.

नागसेनने तो उचलला. त्याखाली कास. मग मारका, आणि लगेच त्याच्याखाली धसका, जणू एखाद्या मारक्या बैलाने तिला खरोखरच बांधापर्यंत पळवले होते. मग रस, सण, जण, माज, धस. पुढे रज, जर, सर. अकराव्या-बाराव्या शब्दापर्यंत त्याला ती दिसू लागली. शर्टाला काज करणारी, मधेच उठून म्हशीच्या कासेला हात लावणारी, उसाच्या रसाचा वास ओळखणारी. समाज आणि सरकार तिला अगदी शेवटी सुचले होते, कोपऱ्यात ठेवलेल्या पाहुण्यांच्या खुर्च्यांसारखे. सर्वांत शेवटचा शब्द धरण. एकतीस शब्द आणि एकही बाद नाही. तिच्या खालोखाल ज्याचा क्रमांक होता, त्याचे एकोणीस होते.

पानाच्या तळाशी तिने लिहिले होते : "नंबर आला तर नाव पूर्ण छापावे ही विनंती. माझे नाव आजवर फक्त रेशनकार्डावर आले आहे."

नागसेनने ती ओळ दोनदा वाचली. छापखान्यात लग्नपत्रिकांपासून दशक्रियेच्या पत्रांपर्यंत शेकडो नावे त्याच्या बोटांखालून जात. कुणाला तरी आपले नाव छापलेले इतके हवे असेल, हे त्याच्या मनात कधी आले नव्हते.

तो यादी घेऊन सोपानरावांच्या टेबलाशी गेला. त्यांनी अंगठा जिभेला लावला, पान उलटवून पाहिले, पुन्हा सुलटवले. निळ्या अक्षरांच्या कडेला तंबाखूच्या थुंकीचा तपकिरी डाग उमटला.

"लई शब्द काढल्यात की इमाम शिंप्याच्या पोरीनं," सोपानराव म्हणाले. "आन् राजश्रीताईंची यादी कुठाय?"

राजश्रीताई म्हणजे शंकररावांची धाकटी सून.

"त्यांचे नऊ आहेत, मालक. त्यातले दोन बाद. 'माणूस' लिहिलंय, पण अक्षरांत बसत नाही."

"नऊ?" सोपानराव हसले. "आरं, नऊवर पैला नंबर दिला तर लोकं आपल्या तोंडात श्याण घालतील."

"पहिला नंबर सुफियाचाच आहे."

"आन् घड्याळ? घड्याळावर साहेबांचा फोटू हाय. ते काय तळेगावच्या शिंप्याच्या घरात टांगायचं? सूनबाईंच्या हातात द्यायचंय, सगळ्यांम्होरं. वर्षभराच्या पत्रिका, हँडबिलं, समदं काम तिथनं येतंय." त्यांनी पान पुढे सरकवले. "नाव राजश्रीताईंचं घाल. यादी हीच घाल."

नागसेन उभाच राहिला.

"काय झालं? शब्द काय कुणाच्या बापाचे असत्यात व्हय? समदे साहेबांच्या नावातनंच निघाल्यात की."

हे वाक्य ऐकून त्याला शिसारी आली. आंबलेल्या खळीच्या डब्यात चुकून हात गेल्यावर येते तशी. ती बोटांना चिकटते, आणि पुसली तरी वास जात नाही. बोलायचे पुष्कळ होते. घशाशी आलेही होते. पण घशाशी आलेले गिळायची सवय त्याला लहानपणापासूनची. तो खिळ्यांचे खण ठेवलेल्या लाकडी घोडीकडे वळला आणि जुळवू लागला.

काज. कास. मारका. धसका.

एकतीस शब्द त्याने जुळवले, तिच्याच क्रमाने. क्रम बदलावा, निदान तिला ओळखू येणार नाही असे करावे, असे एकदा वाटले. पण मग त्या यादीचा जीवच गेला असता. चोरीतही नीटनेटकेपणा सांभाळणाऱ्या आपल्या या हातांची त्याला किळस आली. वर ठळक टाइपात त्याने राजश्रीताईंचे नाव लावले. ते तिथे असे बसले, जसे दुसऱ्याच्या ताटावर कुणी येऊन बसावे आणि हातही न धुता जेवू लागावे.

सोपानराव काटकसरी होते. गावोगावी जाणारे गठ्ठे बांधायला कोरा कागद कशाला नासायचा, म्हणून वाया गेलेली प्रुफे, जुनी पत्रे, स्पर्धांच्या बाद याद्या असले सगळे ते गठ्ठ्यांना गुंडाळत आणि खळीने चिकटवत. विशेषांकाचे गठ्ठे त्यांनी स्वतः बांधले, घाईघाईत, पाहुण्यांच्या यादीवर एक डोळा ठेवून. तळेगाव ढमढेऱ्याच्या पेपरवाल्याचा गठ्ठा ज्या पानात गेला, ते दुरेघी होते आणि त्यावरची शाई निळी होती. बाजाराच्या दिवशी तो पेपरवाला जिथे बसे, त्याच्या शेजारीच सुफियाचे वडील इमामभाई शिवणयंत्र मांडून बसत.

अंक निघाल्यावर चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास बापलेक वडापच्या जीपमधून उतरून छापखान्यात आले. इमामभाई पन्नाशीचे, खांद्यावर अजून मोजपट्टी. सुफिया अठरा-एकोणीसची, डोक्यावरून ओढणी, हातात एक अंक आणि घडी पडलेले एक पान. नागसेनने ती ओळखली, आणि ओळखल्याबरोबर तो घोडीच्या आड सरकला.

"या इमामभाई, या," सोपानराव म्हणाले. "च्या घेणार?"

"च्या नको, सोपानराव. पोरीचं जरा इचारायचं हाय." इमामभाईंनी मोजपट्टी खांद्यावरून काढून हातात गुंडाळली. "ह्ये पान गठ्ठ्याला होतं. आन् ह्ये पेपरात हाय. दोन्ही येकच हाय, म्हणती ती."

सोपानरावांनी दोन्हींकडे पाहिलेसे केले. "आता काय सांगू. योगायोग बघा. दोघींस्नी येकच शब्द सुचले. हुशार माणसांची डोकी सारखीच चालत्यात."

"त्याच क्रमानं?" सुफियाने विचारले. आवाज चढलेला नव्हता. "काजपासून धरणापर्यंत?"

"व्हय. हुतं असं."

"त्यांच्या घरी म्हैस आहे का?"

सोपानराव खो खो हसले. "इमामभाई, पोरगी मोठी तिखट हाय. आवो, शंकररावांच्या घरी काय न्हाई ते इचारा." मग त्यांनी मान वळवली. "नागसेन, ये रं हिकडं. ह्यानंच तपासल्यात याद्या. शिकलेला हाय, खोटं बोलायचा न्हाई. सांग ह्यास्नी, राजश्रीताईंची यादी तपासली का न्हाई तू?"

प्रश्न अगदी बेताने विचारलेला होता. 'तपासली' एवढे म्हटले असते तर ते खरेही झाले असते आणि काम कायम राहून सगळे निस्तरले असते. सोपानरावांनी खऱ्याचाच एक तुकडा त्याच्या हातात ठेवला होता, स्वतःच्या तोंडातून काढून दिलेला, ओला. तो आता आपण तोंडात घालायचा.

सुफिया त्याच्याकडे पाहत होती.

"तपासली," नागसेन म्हणाला. मग त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला. "त्यांचे नऊ होते. दोन बाद. ही यादी यांची आहे. मी जुळवली. नाव त्यांचं लावलं, तेही मीच."

यंत्र बंद होते, त्यामुळे बाहेरच्या सायकलींच्या घंट्या स्पष्ट ऐकू आल्या. सोपानराव संतापतील, हाकलतील, असे त्याला वाटले होते. ते नुसते हसले, आणि तेच अधिक किळसवाणे होते.

"बघा, वाचा फुटली पोराला," ते म्हणाले. "बरं झालं. तर इमामभाई, आता आपलं समजून सांगतो. साहेबांच्या नव्या बंगल्याला पडदे शिवायचेत. पंधरा-सोळा खिडक्या हायती. मी शब्द टाकतो. ह्ये पोरींचं खेळणं घिऊन कशाला बसायचं?"

इमामभाईंनी मोजपट्टी उलगडली, पुन्हा गुंडाळली. "कापड त्येंचं का आपलं?" त्यांनी विचारले.

"त्येंचंच."

"अब्बा," सुफिया म्हणाली.

"थांब बेटा. सोळा खिडक्या म्हंजी दोन महिन्यांचं काम हाय." ते तिच्याकडे न बघता बोलले. नागसेनला वाटले, आता यांचाही राग यावा. पण त्यांच्या कोपरावर ठिगळ होते, इतके सफाईदार की ते ठिगळ आहे हे कळायला वेळ लागावा. त्या ठिगळापुढे त्याला राग आणता येईना. दोघे मोठी माणसे खिडक्यांच्या मापांत शिरली. सुफिया बाकावर बसून राहिली. तिच्या एकतीस शब्दांची गोष्ट, तिच्यादेखत, पडद्याच्या कापडात गुंडाळली जात होती.

नागसेन घोडीशी गेला. त्याची बोटे आपोआप चालू लागली. 'प्रथम क्रमांक : सुफिया इमाम, तळेगाव ढमढेरे.' मोठ्यात मोठ्या टाइपात, खाली एकतीसच्या एकतीस शब्द. सुटे करायचे राहिलेले विशेषांकाचे खिळे तसेच होते, फक्त नाव बदलायचे होते. तेवढे त्या दिवशीही करता आले असते. त्याने शाईचा रूळ फिरवला, ओलसर कागद ठेवला, हाताने दाबून प्रूफ काढले. छाप सुरेख उठला. नाव काळेभोर, कुठेही न तुटलेले. बऱ्याच दिवसांनी त्याला छातीत हलके वाटले.

ते प्रूफ दोन कोपऱ्यांत धरून त्याने सुफियापुढे केले. तिने ते घेतले. सावकाश वाचले, वरपासून खालपर्यंत. नावावर तिची नजर थांबली आणि एक क्षणभर, फक्त एकच क्षण, चेहऱ्यावर काहीतरी उजळले.

"हे कधी येणार अंकात?" तिने विचारले.

नागसेनने शाईची बोटे फडक्याला पुसली.

"किती छापणार?"

"हे एकच आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमच्यासाठी."

तिने कागदाकडे पाहिले, मग त्याच्याकडे. त्या नजरेत राग नव्हता. घरात कुणी उष्टे ताट पुढे केले, आणि करणारा प्रेमाने करतो आहे हे दिसत असले, तर माणूस जसे पाहील तसे ते पाहणे होते.

"माझं नाव मला वाचायला कशाला पाहिजे होतं?" ती म्हणाली. "मला येतं ते. लोकांनी वाचावं म्हणून लिहिलं होतं."

तिने प्रूफ त्याच्या हातात परत दिले, नीट, शाई पुसली जाणार नाही अशा बेताने.

"हे तुम्हीच ठेवा. तुम्हाला बरं वाटेल."

इमामभाईंनी हाक मारली. बंगल्यावर माप घ्यायला दोघांना आजच जायचे ठरले होते. सुफिया उठली, ओढणी सारखी केली आणि बापामागून पायऱ्या उतरली. सोपानरावांनी खिडकीतून बाहेर पिचकारी टाकली आणि नागसेनला पुढच्या पत्रिकेचा मजकूर वाचून दाखवू लागले.

नागसेनच्या हातात ते प्रूफ अजून ओले होते. काढताना आपल्याला किती बरे वाटले होते, ते त्याला आठवले, आणि पुन्हा तीच शिसारी आली. या वेळी सोपानरावांमुळे नव्हे.

"कुठं हाय ध्यान?" सोपानराव म्हणाले. "वधूचं नाव पुन्यांदा सांगू का?"

"सांगा," नागसेन म्हणाला.