गुडघ्याची गोळी

सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचून डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "स्तनातली गाठ थोडी वाढली आहे. या गोळीनं ती आक्रसायला हवी होती. आजी, गोळी रोज घेता ना?"

"रोज घेते," आजींचा मुलगा सुदर्शन घाईनं म्हणाला. "मीच आणून देतो."

"त्यांना बोलू द्या."

आवडाबाईंनी पदर सावरला. "कोणती, गुडघ्याची? ती मी सोडली बाई. घेतली की गुडघे जास्तच दुखायले. सकाळी उठलं की नुसती लाकडं. ह्याला म्हणलं नाय. कंपनीतून दमून येताना घेऊन येतो बिचारा. शेजारच्या जाहेदाला देणार होते, पण म्हणलं, तिचे बी दुखायचे."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. सांधे आखडणं हा या गोळीचा नेहमीचा त्रास. तसं झालं तर लगेच सांगा, गोळी बदलता येते, असं त्यांनी सुदर्शनला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यानं मात्र बिडकीनला परतताना गाडीत आईला सांगितलं होतं, गाठ चरबीची आहे आणि गोळी गुडघ्याची.

त्या पहिल्या दिवशी आई बाहेर बाकावर होती. गाठ लहान आहे, काखेत पसरलेली नाही, या वयातही त्यांचं हृदय ठणठणीत आहे, तेव्हा छोटं ऑपरेशन करून गाठ काढणंच चांगलं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. ऑपरेशन नकोच असेल, तर नुसती गोळी.

"आई नको म्हणते," सुदर्शन म्हणाला होता. "आणि तिला कॅन्सर म्हणू नका, खचेल."

आईला त्यानं विचारलंच नव्हतं. त्याचे वडील पोटाच्या ऑपरेशनला आत गेले ते परत आले नाहीत. तेव्हा कागदावर सही सुदर्शननं केली होती.

"तेव्हाच मी त्यांना आत बोलवायला हवं होतं," डॉक्टरबाई आता म्हणाल्या. "माझंही चुकलं. तुम्ही सांगता की मी सांगू?"

सुदर्शन आईकडं वळला. "आई, ती गोळी गुडघ्याची नव्हती. गाठीची होती. गाठ कॅन्सरची हाय."

आवडाबाईंनी मान हलवली. "वाटत होतं मला. चरबीच्या गाठीपायी कोण एवढ्या चकरा मारतं."

"ऑपरेशन अजून होऊ शकतं, आजी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण मागं तुम्ही नको म्हणाला होतात?"

आवडाबाईंनी मुलाकडं पाहिलं. तो फरशीकडं बघत होता.

"म्हणले असंन," त्या म्हणाल्या. "आता व्हय म्हणते."

सुदर्शननं मान वर केली नाही. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सही कोणाची लागती?" त्यांनी विचारलं.

"तुमचीच, आजी."

"मग बरंय. ह्याला सहीचं लई भ्या वाटतं." त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. "सुदर्शन, तू बाहेर बस जरा. मला बाईंना विचारायचंय."

"मी थांबतो ना, आई."

"नको. तू मधीच बोलतो."

तो उठला, दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या बाकावर, मागं ती बसली होती तिथं, जाऊन बसला. आत आई बोलत होती. बराच वेळ बोलत होती. दारातून शब्द कळत नव्हते.