नामाशेठचे दोन कर्णे

शुक्रवारी भिवंडीतले माग बंद असतात. बाकीचे सहा दिवस त्या खडखडाटात कोणाला काय ऐकू येणार, म्हणून विकायला आलेल्या कर्ण्यांची पारख शुक्रवारीच करायची असं कारखानदार नामाशेठनं ठरवलं आणि वाल्मीकला निरोप धाडला.

वाल्मीकचं बाजारात लाउडस्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. चाळिशी गाठलेला, मोजकं बोलणारा माणूस. दिघाशीपासून अंबाडीपर्यंत कुठे जयंती असो, लग्न असो की निवडणुकीची सभा, कर्णा कुठल्या झाडावर आणि कुणीकडे तोंड करून बांधायचा, ते त्याला विचारून ठरे. कर्ण्याच्या आतला फाटलेला पडदा तो रस्त्यानं जाता जाता, नुसत्या आवाजावरून ओळखायचा.

बंगल्याच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि तो थबकलाच. भिंतीला लागून पुरुषभर उंचीच्या दोन लाकडी पेट्या उभ्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर एक लोखंडी कर्णा, मधाच्या पोळ्यासारखी खणाखणांची तोंडं असलेला. असे कर्णे त्यानं आयुष्यात एकदाच, मुंबईच्या एका मोठ्या थिएटरात पडद्यामागे, पाहिले होते. आणि पेट्यांच्या मध्ये, सफारी घालून, दामू उस्ताद उभे होते.

"उस्ताद, तुम्ही?"

"मीच आणलेत. थेटर बंद पडलं, तिथनं उचलले. अमेरिकन माल आहे. शेठला म्हटलं, अठरा हजाराची जोडी आहे, पारख करायला वाल्मीकलाच बोलवा. दुसऱ्या कोणाचा कान मी मानत नाही."

वाल्मीकला बरं वाटलं. बावीस वर्षांपूर्वी तो दिघाशीहून भिवंडीत आला, तेव्हा उस्ताद इथल्या तंबू टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. त्यांनी त्याला वायरी जोडायला शिकवलं, आणि त्याहून महत्त्वाचं, ऐकायला शिकवलं. "मोठ्या आवाजावर जाऊ नको," ते म्हणायचे, "हळू लाव. शब्दाच्या आधीचा श्वास ऐकू आला तर माल खरा." त्या काळी हॉटेलात वाल्मीकच्या माणसांची कपबशी बाहेर वेगळी ठेवलेली असे. उस्तादांनी पहिल्याच दिवशी आपल्या तांब्यातलं पाणी त्याच्यापुढे केलं होतं. त्याबद्दल दोघंही कधी बोलले नाहीत.

उस्तादांनी तबकडी लावली आणि बटण जवळजवळ शेवटापर्यंत फिरवलं. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. सोफ्यावर शेठचे दोन कारखानदार दोस्त बसले होते. त्यांनी माना डोलावल्या.

"क्या बात हाय!" एकजण ओरडला.

"आं?" नामाशेठ म्हणाला.

"म्हंतो, क्या बात हाय!"

वाल्मीकच्या लक्षात आलं, तिघंही एकमेकांशी ओरडूनच बोलत होते. पंधरा-वीस वर्षं मागांच्या मधोमध काढलेली माणसं. बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. तो पुढे झाला आणि त्यानं आवाज अगदी कमी केला.

"आरं, बंद का केलंस?" नामाशेठ म्हणाला.

"बंद नाही शेठ. चालू आहे."

उजव्या कर्ण्यातून बाई गात होती, आणि खरोखर, ओळ उचलण्याआधी तिनं घेतलेला श्वास हॉलभर हलका पसरत होता. वाल्मीकच्या अंगावर काटा आला. मग तो डाव्या पेटीसमोर गेला. तीच बाई, तीच ओळ, पण डब्यात तोंड घालून म्हटल्यासारखी. त्याला वाटलं, वायरीचा दोष असेल. त्यानं दोन्ही वायरींची अदलाबदल केली. दोष डाव्या पेटीतच राहिला.

"हॉल नवीन आहे," उस्ताद घाईनं म्हणाले. "घुमतो."

दारात शेठची बायको ठकुबाई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती कधी कारखान्यात गेली नव्हती. "त्या डावीकडच्या बाईला पडसं झालंय जनू," ती म्हणाली.

सोफ्यावरचे हसले. "तू चा दे," शेठ म्हणाला. "तुला काय कळतंय?"

"वहिनी, जरा इकडे या," वाल्मीक म्हणाला. त्यानं माइक जोडला. "यात सुनेला हाक मारा. रोज मारता तशी. जोरात नको."

उस्तादांचा चेहरा उतरला. ठकुबाईनं लाजत माइक तोंडाशी धरला. वाल्मीकनं आधी डावा कर्णा चालू ठेवला. "मैना, अगं मैना!" स्वयंपाकघरातून काही उत्तर आलं नाही. भांड्यांचा आवाज चालूच राहिला. मग उजवा लावला. आवाजाचं बटण जागचं हललं नव्हतं. "मैना, अगं मैना!"

"आले, आत्याबाई!" आतून मैना ओरडली आणि पिठाच्या हातानं धावत आली. सासू एका बाजूला आणि हाक भलतीकडून, म्हणून ती लोखंडी कर्ण्याकडे बघतच राहिली.

वाल्मीकनं खिशातून पाना काढला. उस्तादांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढतच व्हरांड्यात नेलं.

"बोल्ट कशाला काढतोस? ते बहिरे आहेत. तुझा हिस्सा ठेवलाय मी वेगळा."

"उस्ताद, आत काय आहे?"

"काय असायचंय? एकाचं आवाज काढणारं युनिट दुसरीकडे गेलं. चांगला भाव आला, दिलं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "लोक तुला दारात उभं करत नव्हते तेव्हा माझ्या तांब्यातलं पाणी पाजलंय तुला. विसरलास?"

कोणीतरी मळकं बोट दुधात बुडवून तेच दूध आपल्या तोंडाशी आणावं तसं वाल्मीकला झालं. ज्या एका गोष्टीसाठी तो या माणसापुढे बावीस वर्षं मान खाली घालत आला होता, ती यानं आज दलालीत धरली होती. तो आत गेला आणि त्यानं डाव्या कर्ण्यामागचे चारही बोल्ट काढले.

भपकारा आला. आत मागाचा तेलकट कचरा कोंबला होता, त्यात उंदराच्या लेंड्या आणि वाळून चिकटलेली पाल. मधोमध, रिक्षावर सिनेमाची जाहिरात करत फिरणाऱ्या भोंग्यात असतं तसलं साधं युनिट सरसानं चिकटवलेलं होतं. वाल्मीकच्या बोटांना ते बरबट लागलं.

"शेठ, उजवा खरा आहे. असला माल मी जन्मात हाताळलेला नाही. डावा नुसतं टरफल. जोडी म्हणून याची किंमत नाही."

त्याला वाटलं, आता भडका उडेल. पण नामाशेठनं मांडीवर थाप मारली आणि खदखदा हसला.

"दामूशेठ, बोला आता! आठ हजार देतो."

"साडेनऊ," उस्ताद म्हणाले, जणू काही झालंच नव्हतं.

"नऊ. आन् ती पाल तुमी घिऊन जा."

सगळे हसले. उस्तादही हसले. वाल्मीक बरबटलेली बोटं अंगापासून दूर धरून उभा होता. घरंगळत गेलेला बोल्ट शोधायला मैना वाकली, तेवढीच काय ती त्या खोलीत कामाची हालचाल.

"वाल्मीक, आता सांग," शेठ म्हणाला, "दोन्हीत मोठा कुठला वाजतो?"

"उजवा."

"मंग तो काढ आन् कारखान्याच्या पत्र्यावर चढव. शिफ्टचा भोंगा लावू त्यावर. पार खाडीपत्तर ऐकू जाया हवा. कामगार साले, घड्याळ दिसत न्हाय म्हंतात."

"आणि इथं?"

"इथं पेट्या हायेत की! पाव्हन्यांना दिसल्याशी कारण."

"शेठ, तो पत्र्यावर एक पावसाळा काढणार नाही. आतला पडदा कागदासारखा पातळ आहे. त्यातून तुम्ही वहिनींची हाक ऐकलीत."

"मी कुठं ऐकली?" नामाशेठ म्हणाला. खरंच ऐकली नव्हती त्यानं.

"मग दुसरा माणूस बघा. मी चढवणार नाही."

तो बाहेर पडला. फाटकाशी उस्तादांनी गाठलंच. त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. "शाब्बास. मी आठच धरले होते. तू दोष दाखवलास म्हणून शेठला वाटलं, आपण जिंकलो." त्यांनी दुमडलेल्या नोटा वाल्मीकच्या खिशात सरकवल्या. वाल्मीकनं त्या काढून फाटकाच्या खांबावर ठेवल्या आणि तो चालू लागला. म्युनिसिपालिटीच्या नळावर त्यानं हात घासले, तोंड धुतलं, पुन्हा हात घासले. मग गटाराच्या कडेला बसून ओकला.

घरी बायकोनं, शेवंतानं, विचारलं, "खरं बोललात ना?"

"बोललो."

"मग असे का बसलात?"

"त्या खऱ्याचाही त्यांनी भाव केला."

कर्णा कोणीतरी चढवलाच. पंधरा दिवस तो सकाळी सात वाजता असा काही गर्जे की खाडीपलीकडची कुत्री भुंकत. श्रावणात त्याचा घसा बसला, आणि भाद्रपदात तो कायमचा मुका झाला. नामाशेठचा माणूस दुरुस्तीला बोलवायला आला, तेव्हा वाल्मीकनं हातातलं काम खाली ठेवलं नाही.

दिवाळीच्या सुमाराला उस्ताद स्वतः दुकानात आले. आणखी एक गिऱ्हाईक होतं, कल्याणचं, आणखी एक जोडी होती. "फक्त ऐकून सांग," ते स्टुलावर बसत म्हणाले.

वाल्मीकला त्यांच्याशी भांडायचीसुद्धा किळस आली. "मला ऐकू येत नाही हल्ली," तो म्हणाला. "कान गेलेत."

उस्ताद स्टुलावरून उठले आणि निघून गेले. आठवड्याच्या आत बाजारभर झालं की वाल्मीकचे कान गेले. शहरातली बोलावणी कमी झाली. शेवंता चिडली. म्हणाली, चारचौघांत जाऊन सांगा की सगळं खोटं आहे.

"ऱ्हाऊ दे," तो एका भोंग्याचा पडदा उजेडात धरून बघत म्हणाला. "गावाकडचे दिघाशीवाले येतायत की. त्यांना ऐकू येतं."