शोभाबाईंच्या हातचा डबा

मित्रांनो, मी जेवणाचा एक जुना डबा आहे. स्टीलचा, चार कप्प्यांचा. एका कप्प्याला पोचा आला आहे आणि कडी सैल झाली आहे, म्हणून मला उचलताना खालून हात लावावा लागतो. माझी हकीकत हसवणारी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ऐकायची असेल तर बसा.

माझा जन्म लांबच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. पत्रा कापला, यंत्राखाली दाबला, घासून आरशासारखा केला आणि मी नंदुरबारच्या भांड्यांच्या दुकानात येऊन बसलो. तिथून मला शोभाबाईंच्या मामांनी विकत घेतलं. दुकानदाराकडून झाकणावर टिंबाटिंबांनी स्वतःचं नाव घालून घेतलं आणि भाचीच्या लग्नात आहेर म्हणून दिलं. शोभाबाईंचे यजमान पितांबर रेल्वेत होते. त्यांची नोकरी खांडबाऱ्याच्या स्टेशनवर. सकाळच्या पॅसेंजरने ते जायचे आणि मी त्यांच्या मांडीवर. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, लसणाचा ठेचा, हिवाळ्यात भरीत. माणूस अबोल होता. जेवण झालं की मला नळाखाली धुवायचा, पुसायचा आणि घरी आल्यावर "आज भाजी चांगली व्हती" एवढंच म्हणायचा. शोभाबाईंना तेवढं पुरायचं. मग रात्रीचा स्वयंपाक त्या गुणगुणत करायच्या.

पितांबर गेले आणि मी माळ्यावर गेलो. तिथे तुटका पंखा, फुटकी परात आणि मी. धुळीत पडून राहणं काय असतं ते तुम्हाला नाही कळायचं.

मला खाली काढलं ते सुनेसाठी. शोभाबाईंच्या मुलाचं, भूपेंद्रचं लग्न झालं आणि रोहिणी घरात आली. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी, सडपातळ, सदा घाईत असलेली. तिने पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं. विषय होता नंदुरबारच्या मिरची पथारीवर काम करणाऱ्या बायका. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. तिथे लाल ढिगाऱ्यांजवळ बसून देठ खुडणाऱ्या बायकांचे कष्ट कुणाच्या नजरेला पडत नाहीत, असं ती पोटतिडकीने सांगायची. शोभाबाईंना त्यातलं किती कळत होतं कोण जाणे. त्यांनी मला लिंबाच्या सालीने घासलं आणि म्हणाल्या, "तू तुन्हं लिखानं काम कर बेटा. डबानी काळजी मन्ही."

आणि ती काळजी त्यांनी वाहिली. रोहिणी उठायच्या आत मी भरलेला असायचो. पुढे नातू झाला, त्याची शाळा, पाहुणेरावळे, सणवार, सगळं त्यांनी अंगावर घेतलं. रोहिणी मला घेऊन कॉलेजात जायची, तिथून पथारीवर, तिथून ग्रंथालयात. मिरचीच्या खकाण्याने तिला शिंका यायच्या आणि माझ्या कडीत लाल भुकटी बसायची. दुपारी स्टाफरूममध्ये मला उघडलं की रिना मॅडम आधी हात घालायच्या. त्या काठी गावाकडच्या डोंगरातल्या, रोहिणीच्या जिवलग मैत्रीण. "शोभा आईंची शेवभाजी असेल तर माझा डबा तुम्ही घ्या," म्हणायच्या. रोहिणी हसायची, खायची, पण घरी जाऊन हे कधी सांगायची नाही. वाईट नव्हती हो ती. डोक्यात प्रकरणं, संदर्भ, तळटीपा भरलेल्या असायच्या. मी रिकामा परत यायचो, त्यातच शोभाबाईंनी काय ते समजून घ्यायचं.

मग एकदा भाजी खारट निघाली. तोंडात घालवेना इतकी. आठवडाभराने चारही कप्प्यांत नुसता भात निघाला. सगळे हसले, रोहिणीही हसली. पुढे एका कप्प्यात कालवलेलं पीठ तसंच निघालं, न भाजलेलं. त्या दिवशी पथारीवर जायचं होतं, ऊन मी म्हणत होतं, आणि रोहिणीला भूक अनावर झाली होती. घरी येऊन ती तडकली, "आई, असा कसा डबा भरा तुम्ही? माले दिवसभर उपाशी ऱ्हावं लागनं!"

शोभाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "मी भाकरी टाकेल व्हती ना बेटा," त्या म्हणाल्या, "टाकेल व्हती ना?" त्यांचा हात माझा एकेक कप्पा उघडून चाचपत होता. तो हात मला इतक्या वर्षांचा माहीत होता. तो थकलेला असायचा, भाजलेला असायचा, पण असा कधी घाबरलेला नव्हता. मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

रिना मॅडमना शंका आली. "राग मानू नका, पण आईंना एकदा डॉक्टरांना दाखवा," त्या म्हणाल्या. रोहिणी म्हणाली, "हो, प्रबंध सादर झाला की लगेच." भूपेंद्रही तेच म्हणाला. त्या घरात तेव्हा सगळं प्रबंधानंतरच व्हायचं होतं.

प्रबंध लिहून झाला. रोहिणीचे मार्गदर्शक नवनीत सर तिला नेहमी सांगायचे की ऋणनिर्देश सगळ्यात शेवटी लिहायचा असतो. त्याप्रमाणे तिने तो शेवटी लिहिला आणि स्टाफरूममध्ये, माझं झाकण उघडं असताना, रिना मॅडमना वाचून दाखवला. सरांचे आभार होते, ग्रंथपालांचे होते, रिना मॅडमचे होते, पथारीवरच्या बायकांचे होते. आणि मग होतं, "माझ्या सासूबाई शोभाबाई यांनी हे सारे कशासाठी, असे मला एकदाही विचारले नाही. त्यांनी रोज माझा डबा भरला. माझ्या लेकराला आईची उणीव भासू दिली नाही. या पदवीवर माझ्याइतकाच त्यांचा हक्क आहे, आणि हे त्यांना तोंडाने सांगण्याचे धाडस मला आजवर झाले नाही." रिना मॅडमनी डोळे टिपले आणि म्हणाल्या, "आज घरी गेल्या गेल्या आईंना वाचून दाखवा."

"अशी सुटी पानं कशी दाखवू?" रोहिणी म्हणाली. "पक्की बांधणी होऊ दे, वर सोनेरी अक्षरं येऊ देत. त्यांच्या हातात देऊन मगच वाचीन."

"मॅडम, कशाला थांबता?"

"एवढं थांबले, आणखी थोडं."

पण विद्यापीठाचा कारभार तुम्हाला ठाऊक नसेल. परीक्षकांचे अहवाल येईनात. एकाचा आला तर दुसऱ्याचा अडकला. पुढचा पावसाळा उलटला. इकडे डॉक्टरांनी विस्मरणाचा आजार सांगितला, औषधं लिहून दिली आणि फार आशा ठेवू नका असंही बजावलं. शोभाबाई आधी वार विसरल्या, मग गॅस बंद करायला, मग नातवाचं नाव. माझं काम सुटलं. रोहिणी कॉलेजच्या कँटीनमध्ये खाऊ लागली आणि मी ओट्याच्या कोपऱ्यात पालथा पडून राहिलो. शोभाबाई मात्र अधूनमधून येऊन मला सरळ करून ठेवायच्या.

शेवटी तोंडी परीक्षा झाली. रोहिणी डॉक्टर झाली, पेढे वाटले गेले, गल्लीच्या तोंडावर अभिनंदनाचा फलक लागला. बांधणी होऊन आली, काळी, जाड, सोनेरी अक्षरांची. रोहिणीने तो प्रबंध शोभाबाईंच्या मांडीवर ठेवला, पाया पडली आणि त्यांच्यापुढे जमिनीवर बसून ते पान वाचलं. सगळं वाचलं, एक शब्द गाळला नाही. भूपेंद्र दारात उभा होता, तो तोंड फिरवून अंगणात गेला.

शोभाबाईंनी अगदी मन लावून ऐकलं. पाहुण्या बाईचं ऐकावं तसं, पदर सावरून. मग रोहिणीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "तुन्ही सासू मोठी नशीबवान शे, पोरी. मन्ही सून बी भलती गुणी शे. पण तिले बोलाले टाईमच नही भेटस."

शोभाबाई उठल्या, ओट्याकडे आल्या, मला उचललं आणि तिच्या हातात दिलं. "तू कालेजकडेच जाई ऱ्हायनी ना? इतला डबा तिले दी दे. भुकी व्हई ती."

"हां आई," रोहिणी म्हणाली. "देस तिले."

मी रिकामाच होतो. रोहिणी मला पोटाशी धरून स्वयंपाकघरात बसली आणि हुंदका बाहेर जाऊ नये म्हणून तिने पदर तोंडात कोंबला.

मित्रांनो, आता ती रोज माझ्यात मऊ खिचडी घेऊन शोभाबाईंपुढे बसते. आधी सांगते, "आई, मी रोहिणी," आणि मग घास भरवते. एखाद्या दिवशी त्या ओळखतील असं तिला वाटतं. मला तसं वाटत नाही, पण मी डबा आहे, माझं कोण ऐकतं.

तुम्ही मात्र एवढं ऐका. मला घासूनपुसून ठेवलं नाही तरी चालेल, पोचा आला तरी मी टिकतो. पण तुमच्यासाठी कुणी डबा भरत असेल, तर आज घरी जा आणि भाजी चांगली होती म्हणून सांगा. तुम्ही कोण आहात हे त्यांना अजून ठाऊक आहे, तोवर सांगा.