नव्या आवृत्तीत एकच नाव

रविवारी दुपारी हेमांगीनं नगरपालिकेचा डेटाबेस नव्या आवृत्तीवर चढवायला घेतला आणि सगळं गाव सर्व्हरच्या खोलीत रांग लावून उभं राहिलं. नोंदी पायी जातात हे तिला नोकरीला लागल्यापासून ठाऊक होतं, पण एवढी झुंबड उडेल असं वाटलं नव्हतं. समोरच्या भिंतीत नवं दार आलं होतं. एकेक माणूस उंबरा ओलांडून जाई आणि तेवढी जुनी खोली आखडे. भिंती मेल्या अशा चोरपावलांनी सरकत होत्या की विचारू नका! हेमांगीचा जीव नुसता वरखाली होत होता.

वर मुख्याधिकारी ढोबळेसाहेबांचा फोन. "झालं का हो, मॅडम?"

"होतंय, सर."

"उद्या लोक दाखले मागायला येतील. माझ्या डोक्याला ताप नको."

नवी आवृत्ती भलतीच सोवळी निघाली. एक माणूस दोनदा तिला चालेना. दामले मास्तर जुन्या नोंदीत दोन होते, एक साधे आणि एक 'दामलें', कुणीतरी चुकून अनुस्वार दिलेले. साधे दामले पलीकडे गेले. अनुस्वारवाले जागच्या जागी पुसले गेले आणि त्यांच्या नावाला जोडलेली धाकटी लेकही त्यांच्याबरोबर गेली. तिची एक चप्पल तेवढी फरशीवर राहिली. हेमांगीनं ती उचलून टेबलाखाली ठेवली.

मग रांगेत आई आली. सकाळी तर ती घरी थालीपीठ लावत होती. तिच्या हातात तांदळाचं ताट होतं आणि मागे ओल्या वेणीची एक परकरी पोर.

"ही कोण?" हेमांगीनं विचारलं.

"मीच की गं. कुमुद," आई म्हणाली.

घ्या! लग्नात ताटभर तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं, की कुमुदची सुनंदा झाली. कारकुनानं सुनंदा चढवली, पण कुमुद खोडलीच नाही. गावातल्या निम्म्या बायकांची हीच गत होती.

पोरीच्या वेणीतून पाणी गळत होतं. "अगं बाजूला हो, खाली वायरी आहेत!" हेमांगी ओरडली.

"ताई, लवकर करा ना," पोर म्हणाली. "मला पलीकडच्या काठाला जायचंय."

"हिला जाऊ दे," आई म्हणाली. "नदी अर्धीच पोहून झाली होती बघ, तेवढ्यात पाहुणे बघायला आले. नंतर मी पाण्यात पाय घातला नाही."

"आई, मी सुनंदाला जोडलेली आहे. तू पुसली गेलीस तर मीही जाईन."

आईनं तिच्याकडे पाहिलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती मागे सरली नाही. हेमांगीला तिचा राग आला आणि रडूही आलं. ओल्या वेणीच्या पोरीला आयुष्यभर नदीच्या मध्यावर ठेवायचं, हेही तिच्यानं होईना.

"ताई, तुम्ही रडताय का?" कुमुदनं विचारलं. "तुम्ही कोण?"

फोन पुन्हा वाजला. "एकच नाव उरलंय, मॅडम," ढोबळेसाहेब म्हणाले. "काय ते टाका आणि मोकळ्या व्हा."

खोली आता न्हाणीघराएवढी झाली होती. तिघी एकमेकींना खेटून उभ्या होत्या. आईनं बोटातली अंगठी काढून हेमांगीच्या हातात दिली आणि ताट पुढे धरलं.

"तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "आता तू लिही, बाळा."

हेमांगीनं तांदळात आधी उकार काढला. कुमुदच्या पहिल्या अक्षराला तो लागतो आणि सुनंदाच्याही. मग तिनं अंगठी वर उचलली आणि तशीच धरून ठेवली. कुमुदनं एक ओलं पाऊल उंबऱ्यावर ठेवलं. मागची भिंत आली, हेमांगीच्या कोपराला टेकली आणि अंगठी तांदळात उतरली.