पांढऱ्या ठिपक्याचे बोल्ट

माझी गाडी दिसली की रस्त्यावरची माणसं एकदम सभ्य होतात. पुढचा हळू होतो, शेजारचा कानाचा फोन मांडीवर टाकतो. एका गृहस्थांनी तर सिग्नलला माझ्याकडे बघून घाईघाईने पट्टा ओढला आणि त्या गडबडीत स्वतःचाच चष्मा पाडला. गाडी पोलिसांची आहे ना! म्हणजे होती. खात्याने दिवे काढले, दारावरची अक्षरं खरवडली आणि लिलावात विकली. पण ऊन तिरपं पडलं की ती अक्षरं अजून दिसतात, आणि छपरावर दिव्यांच्या जागी रबरी बुचं आहेत. मी लिफ्ट दुरुस्त करतो. पोलिसांशी माझा काडीचा संबंध नाही. तरी गल्लीत मला सगळे फौजदार म्हणतात, आणि बायकोचा पारा चढला की तीसुद्धा म्हणते, "ओ फौजदार, आवाज खाली!"

या नादाला मला लावलं पैलवानाने. पैलवान म्हणजे माझा दोस्त. अंगावर मूठभर मांस नाही म्हणून शाळेपासून पैलवान. त्याचं गाड्यांचं गॅरेज आहे, आणि जुन्या पोलीस गाड्यांचं त्याला वेड आहे. एकदा मला लिलावाच्या मैदानात घेऊन गेला आणि एकसारख्या दोन गाड्यांसमोर उभं करून म्हणाला, "ही तुझी, ही माझी. किलोमीटर बघू नकोस. या गाड्या चौकात दिवसभर इंजिन चालू ठेवून उभ्या असतात. इंजिन म्हातारं, पण हाडं बघ! ब्रेक बघ! टॅक्सीवाले हेच मॉडेल चालवतात, पण त्यांच्या ब्रेकची थाळी, ती डिस्क, याच्यापुढे बशी वाटेल."

मी भाळलो. तिसरी एक मोडकी गाडी सुट्या भागांसाठी दोघांत मिळून घेतली, तिचं नाव ठेवलं रक्तदाती.

आमची कामाची वाटणी ठरलेली. विजेचं सगळं मी बघायचं, लोखंडाचं सगळं त्याने. खात्यातले लोक वायरलेस काढताना वायरी नुसत्या कापून लोंबत्या सोडतात, बॅटरी बसते, ती भानगड दोन्ही गाड्यांत मी निस्तरली. इंजिन, स्टिअरिंग, ब्रेक त्याच्याकडे. आणि एक नियम होता. बोल्ट आवळून झाला की ज्याने आवळला त्याने त्यावर रंगाचा ठिपका द्यायचा. माझा पिवळा, त्याचा पांढरा. ठिपका फुटला तर बोल्ट हलला हे कळतं, म्हणून तो द्यायचा. पण पुढे त्याला इभ्रतीचं रूप आलं. दुसऱ्याच्या ठिपक्याला पाना लावायचा नाही. लावला तर त्याचा अर्थ, तुझ्या कामावर माझा भरवसा नाही. इतकी वर्षं मी एकही पांढरा बोल्ट उघडला नव्हता. कशाला उघडू? माझ्या पोरीला पहिल्यांदा सायकलवर बसवणारा माणूस तो.

पैलवानाचं दुसरं वेड म्हणजे गाडी अस्सल हवी, मूळची होती तशी. अशा गाड्या बाळगणाऱ्यांचा वर्षातून एकदा मेळावा भरतो, तिथे सगळ्यात अस्सल गाडीला ढाल मिळते. या गाडीची मागची दारं आतून उघडत नाहीत, पकडलेला माणूस पळू नये म्हणून. मी म्हटलं, आतल्या कड्या जोडून टाकू. तर हा माझ्या अंगावरच आला. "एकदा का दार जोडलंस की ती टॅक्सी झाली! तुला टॅक्सी चालवायची आहे का?" मी कड्या तशाच ठेवल्या. माझ्या गाडीत ड्रायव्हरशेजारची सीटसुद्धा नाही, तिथे माझी हत्यारांची पेटी बोल्टने बसवली आहे. म्हणजे जो कोणी येईल तो मागेच बसणार, आणि मी उतरून दार उघडेपर्यंत आतच राहणार. बायको म्हणायची, "तुमच्या गाडीत बसलं की काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटतं." आम्ही हसायचो.

गेल्या मेळाव्यात ढाल पैलवानाला मिळाली. परीक्षकाने त्याच्या गाडीच्या चाकांच्या टोप्या काढायला लावल्या, आत बॅटरी मारली, आणि त्या जाड, चकचकीत ब्रेकच्या थाळ्या बघून मान डोलावली. अशा थाळ्या आता शोधून मिळत नाहीत, असं माइकवरून सांगितलं. मंडपात सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या. आज त्या टाळ्या आठवल्या की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

मग पोरीला नोकरी लागली, घाटाखालच्या शहरात. सामानसुमान घेऊन तिला सोडायला मी जाणार होतो. आदल्या दिवशी गाडी घेऊन गॅरेजवर गेलो.

"पैलवान, उद्या घाट उतरायचाय. सामान बरंच आहे, शिवाय माझी पेटी. एकदा ब्रेक बघून घे."

त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. चाकाला हात लावला नाही. फडक्याला हात पुसत म्हणाला, "मी केलेले आहेत ना? बिनधास्त जा."

सकाळी पोरीला निरोप द्यायला घरी आला. तिची उशी त्यानेच मागच्या सीटवर ठेवली, ती बसल्यावर दार त्यानेच लावलं आणि काचेवर टकटक करून तिला वेडावून दाखवलं. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. मी तर मरेपर्यंत विसरणार नाही.

घाटातली पहिली वळणं मजेत गेली. पोरगी मागून नव्या ऑफिसच्या गप्पा मारत होती. मग पायाखाली ब्रेक मऊ लागायला लागला. आधी वाटलं, माझा भास असेल. पुढच्या वळणाला पाय अजून खाली गेला. जळका वास आला. पोरगी म्हणाली, "बाबा, काय जळतंय?" मी म्हटलं, "पुढच्या ट्रकचं असेल," आणि दाबलं, तर पाय सरळ तळाला! पुढे ट्रकचा मागचा फाळका मोठा मोठा होत चाललेला. गिअर पाडला, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढावा असं वाटलं पण एक हात स्टिअरिंगला हवा होता. देव म्हणा, नशीब म्हणा, डोंगराच्या बाजूला रस्त्याच्या कामाची खडी टाकलेली होती. त्या ढिगात गाडी घातली. नाक वर करून ती थांबली.

पुढच्या चाकांतून धूर येत होता. आणि मागे माझी पोरगी दाराला आतून हात आपटत होती. "बाबा, दार उघड! बाबा, दार उघड ना!" तिला उघडता येत नव्हतं. घाईत कडी हातातून निसटत होती, माझंच दार मला उघडेना. उतरलो, धडपडलो, गुडघे फोडून घेतले आणि तिला बाहेर काढलं. दरीच्या कठड्याकडे बघून ती मटकन खालीच बसली.

जरा वेळाने म्हणाली, "पैलवानकाकांनी बघितले होते ना ब्रेक?"

आणि मी काय बोललो माहितीये? "त्याचा काय दोष? घाटच तसा आहे." तिला बसमध्ये बसवून दिलं. ब्रेक गार झाल्यावर पुन्हा थोडे धरायला लागले. दोन वाहनवाल्यांनी ढकलून गाडी खडीतून काढली, आणि मी ती चढाच्या बाजूने, खालच्या गिअरमध्ये, गोगलगायीसारखी घरी आणली.

दुसऱ्या दिवशी चाक काढलं. समोर पांढरे ठिपके. पाना हातात घेऊन मी बराच वेळ उकिडवा बसलो. अहो, चोरी करतोय असं वाटत होतं मला! शेवटी लावला पाना. ठिपका फुटला. आतली थाळी हातात आली. पातळ, लहान, उष्णतेने निळी पडलेली. टॅक्सीची.

तरीही मनाची समजूत घालत होतो. आधीपासूनच अशी असेल. खात्यातल्याच कोणीतरी बदलली असेल. पैलवानाला कोणीतरी फसवलं असेल. थाळी आणि चाक परत बसवलं आणि हळूहळू गॅरेजवर गेलो. मनात एकच होतं, मी खोटा ठरू दे.

तो त्याच्या गाडीला पॉलिश मारत होता. मला बघून हसला. "काय फौजदार, पोचली का लेक?"

"पोचली. ब्रेक जरा मऊ वाटले रे. चल, घाटात एक चक्कर मारून येऊ. तू मागे बस आणि आवाज ऐक."

मी मागचं दार उघडून धरलं.

तो आला. दारावर हात ठेवला. एक पाय आत टाकायला उचललासुद्धा. मग त्याने त्या आतल्या, न उघडणाऱ्या कडीकडे बघितलं आणि पाय खाली ठेवला.

"आज नको. गिऱ्हाईक यायचंय."

"घाट नको तर नको. मागचा उतार तरी उतरू."

"गुडघा दुखतोय रे."

"पैलवान," मी म्हटलं, "बस."

तो बसला नाही. पॉलिशचं फडकं या हातातून त्या हातात करत राहिला. मला काही विचारायची गरजच उरली नाही.

"माझ्या थाळ्यांना चिरा गेल्या होत्या," तो खाली बघून म्हणाला. "रक्तदातीच्या आधीच संपलेल्या. मेळावा तोंडावर आलेला. नव्या कुठे मिळत नाहीत. तुझी गाडी कामाला आली होती, तुझ्या काढून घेतल्या, टॅक्सीच्या लावल्या. आणि तू कुठे जोरात चालवतोस रे? घर ते काम, काम ते घर. म्हटलं, मिळाल्या की परत लावू. तुला कळणारही नाही."

"परवा घाट सांगितला होता मी तुला."

त्याने फडकं खांद्यावर टाकलं.

"दार तू लावलंस. माझी पोरगी आत होती आणि दार तू तुझ्या हाताने लावलंस!"

माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार, कारण समोरचा पंक्चरवाला उठून उभा राहिला. मारलं असतं मी त्याला, पण मारणार कुठे? अंगावर मांसच नाही. रडायला लागला. "तेव्हा सांगायला तोंडच उघडलं नाही रे. वाटलं, निभावेल. आत्ता काढतो माझ्या, आत्ता लावून देतो." पाना घेऊन तो खरंच माझ्या चाकापाशी बसला.

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "तू लावशील, ठिपका देशील, आणि मी घरी जाऊन तो उघडून बघेन. मग कशाला?"

त्याने पाना खाली ठेवला. मी निघून आलो.

घरी येऊन मी सगळ्यात आधी मागच्या दोन्ही दारांच्या आतल्या कड्या जोडल्या. झाली तर होऊ दे टॅक्सी. मग गाडी ठोकळ्यांवर चढवली आणि बाकीचे पांढरे ठिपके फोडायला घेतले. स्टिअरिंग, सस्पेन्शन, इंजिनाचे पाय. खरं सांगतो, मला अजून काहीतरी सापडायला हवं होतं. अजून एखादा खोटा भाग, एखादा ढिला बोल्ट, म्हणजे हा माणूस आधीपासूनच हरामखोर होता असं म्हणून मोकळा झालो असतो.

काही नव्हतं. एकेक बोल्ट चोख आवळलेला. जिथे नवीन पिन हवी तिथे नवीन पिन. माझा हात पोचणार नाही अशा कोपऱ्यातसुद्धा ग्रीस भरलेलं, आणि कुठे घासू नये म्हणून माझ्या वायरीला त्याने रबराची नळी घातलेली. मला कधी बोललाही नव्हता. मी गाडीखाली पडून ती नळी बघत राहिलो आणि मला हुंदका आला.

बायकोने वाकून विचारलं, "काय झालं? सापडलं का अजून काही?"

"नाही," मी म्हटलं. "बाकी सगळं नीट आहे."