गुडघ्याची पट्टी

"सर, घट्ट बांधा. तुम्ही खेळताना तुमचे गुरू बांधायचे ना, तश्शी," बाकावर पाय पसरत शिडी म्हणाली.

बास्केटबॉल संघातल्या या सर्वांत उंच मुलीला सगळे शिडीच म्हणत. प्रशिक्षकांनी चिकटपट्टीचे रीळ उचलले, पण हात पुढे होईना. भिंतीपलीकडे अंतिम सामन्याला प्रेक्षक जमत होते. प्रशिक्षकांच्या कानात मात्र सकाळच्या सरावातला आवाज घोळत होता. उडी मारून खाली येताना दोन्ही पावलांचा एकच आवाज यायला हवा. हिचे दोन येत होते. उजवे पाऊल आधी, दुखऱ्या गुडघ्याचे डावे चोरासारखे मागून.

एके काळी त्यांचीही पावले अशीच पडत. व्यावसायिक संघाचे ते लाडके खेळाडू होते, रस्त्यात माणसे थांबवून हात मिळवत. त्यांच्या गुरूंनी गुडघा असा करकचून बांधला, की दुखणे मुकेच झाले. आत फाटत होते आणि ते धावत होते. त्यानंतर ते कधी धावले नाहीत.

"आज नको खेळूस, बाळ."

"वा! तुम्ही काय दुखलं म्हणून घरी बसला होतात?"

तेवढ्यात क्लबचे चिटणीस दारातून डोकावले. "ती उतरणार. तुमच्याच्यानं होत नसेल तर सहायक बांधेल. मग उद्यापासून संघही तोच सांभाळेल."

सहायक तर करकचूनच आवळणार.

"मीच बांधतो," म्हणत प्रशिक्षक खाली बसले.

पट्टी वरून देखणी दिसत होती. आतल्या बाजूला जिथे ताण द्यायचा, तिथे त्यांनी तो दिला नाही. दुखले की पोरगी थांबेल. आणि नाही थांबली तर? बिनआधाराच्या गुडघ्याचे काय होते, ते त्यांना ठाऊक होते.

दुसऱ्या सत्रात शिडी उडाली, खाली आली आणि कळवळली. ती लंगडत बाकापाशी आली. पट्टीखाली तिचे बोट सहज आत गेले.

"मुद्दाम?"

"हो."

"माझा सामना खाल्लात तुम्ही, सर."

संघ हरला. डॉक्टरांनी गुडघा दाबून, वळवून पाहिला. फाटले काही नव्हते. चिटणिसांनी प्रशिक्षकांकडून संघाच्या खोलीची किल्ली मागून घेतली.

बाहेरच्या पायऱ्यांवरून शिडी रागारागाने उतरली. जराशी लंगडत होती, पण कठड्याला हात लावला नाही. मागे वळून पाहिलेही नाही. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत प्रशिक्षक वर उभे राहिले. मग कठडा दोन्ही हातांनी धरून, तिरके होऊन, एकेक पायरी उतरू लागले.