किमान तीन

टक.

मोजूकाकांचा अंगठा दबला आणि हातातल्या मोजणीच्या टिकटिकीवर दोनशे अकराचा आकडा सरकून आला. काचेपलीकडच्या हिरवट पाण्यातून हातभर लांबीची एक रुपेरी मासळी अंग मुरडत वर निघून गेली. तिच्या शेपटीच्या वरच्या टोकाला नखाएवढी खाच होती. काकांनी वहीत वेळ लिहिली आणि चोरी पकडली गेल्यासारखे पुटपुटले,

"आलीस का गं परत?"

बंधाऱ्याच्या पोटात चौदा पायऱ्या उतरून गेलं की ही खोली लागे. भिंतीपलीकडे माशांची शिडी होती. माशांना बंधारा ओलांडून वर जाता यावं म्हणून बांधलेल्या या पाण्याच्या पायऱ्या, आणि त्यांना लागून ही जाड काच. काचेसमोर स्टूल, स्टुलावर काका. सव्वीस वर्षं झाली. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. काचेच्या वर रंगाने नियम लिहिला होता, ‘वर जाणारा मासा मोजावा.’ खाली येणाऱ्या माशाबद्दल भिंत गप्प होती.

पहिल्या वर्षी तीन हजार चारशे मासे गेले. अंगठ्याला घट्टा पडला होता काकांच्या. मग हजार, मग तीनशे, मग एका वर्षी अकरा. पुढची तीन वर्षं एकही नाही. त्या तीन वर्षांत काकांनी काच इतकी पुसली, की एक पाखरू तिला आरपार वाट समजून आदळलं होतं. पाणी यायचं, पाणी जायचं, पाण्यात कुणी नसायचं.

आणि मग गेल्या वर्षी, पूर ओसरल्यावर एका सकाळी ही आली. शेपटीला खाच असलेली. काका तिला फाटकी म्हणू लागले. ती वर गेली, चार तासांनी खाली आली, पुन्हा वर गेली. वर गेली की टक. नियमच तसा होता. त्या वर्षी टिकटिकी शहाण्णववर थांबली. यंदा पावसाळा सरतानाच दोनशे अकरा.

पायऱ्यांवरून आधी चहाचा वास उतरला, मग आवाज.

"सवत माझी पाण्यामधी खालीवर करते,
धनी बसले मोजायाला, चहावर साय धरते!"

"अगं, हळू. आज वरचे लोक येणारेत."

"वरचे लोक खाली येणार, तर तेही मोजायचे नाहीत का?" काकूंनी पेला स्टुलाशेजारी ठेवला. "आज किती वेळा दर्शन दिलं तिने?"

"एकदा."

"मग चेहरा का असा? सांगणार आहात का मॅडमना?"

काकांनी चहावरची साय बोटाने बाजूला केली आणि ती बराच वेळ बाजूलाच करत राहिले. गेल्या वर्षीच नवा नियम आला होता: आकडा पन्नासच्या खाली गेला, तर बंधाऱ्याचं दार बंद होणार होतं. शिडीला सोडलेलं पाणी शहराच्या नळांना जाणार, शिडी कोरडी पडणार. पन्नासच्या वर असला, तर दार जसं आहे तसं, वीतभर उघडं. फाटकीचा सगळा संसार त्या वीतभर पाण्यात होता, आणि ते पाणी तिने एकटीने खालीवर करून राखलं होतं.

"विचारलं तर सांगेन," काका म्हणाले.

"आणि नाही विचारलं तर?"

"तर चहा देईन."

अकरा वाजता मॅडम आल्या. चप्पल हातात, कॉम्प्युटरची पिशवी गळ्यात, आणि शेवाळलेल्या चौदा पायऱ्या त्यांनी बसत-बसत उतरलेल्या. तीन वर्षं त्या या नदीच्या खोऱ्याचा अहवाल लिहीत होत्या. पन्नास वर्षांत माणसं किती वाढली, झाडं किती गेली, पाणी कुठे मुरलं, मासे कुठे हरवले. तीनशे पानं झाली होती. नदीजवळ मात्र त्या आज पहिल्यांदाच येत होत्या.

"हे बघा काका." त्यांनी कॉम्प्युटर मांडीवर उघडला. "ही लाल रेघ माणसांची. चाळीस हजारांवरून तीन लाख दहा हजार."

"त्यात माझा भाऊ दोनदा असणार," काकू म्हणाल्या. "दोन गावांत दोन घरं. मोजायला आले तेव्हा दोन्हीकडे जेवायलाच बसलेला सापडला."

मॅडम हसल्या. "असतील असे थोडे. मी स्वतःच दोनदा आहे. आणि ही निळी रेघ माशांची. बघा, खाली, खाली, अगदी तळाला. आणि इथे..." त्यांचं बोट पडद्याच्या कडेशी गेलं. "इथे वर उचलली! ऑफिसात सगळे हिला शेपटी म्हणतात. आमच्या साहेबांनी तिचा फोटो टेबलावर लावलाय. तीनशे पानांत एवढंच काय ते चांगलं आहे. सही करता?"

कागदावर छापलं होतं, ‘वरील संख्या प्रत्यक्ष पाहून मोजलेली आहे.’ काकांनी ते दोनदा वाचलं. अक्षर न् अक्षर खरं होतं. प्रत्यक्ष पाहिली होती, प्रत्यक्ष मोजली होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पेन झटकलं, पुन्हा झटकलं.

तेवढ्यात काचेत रुपेरी अंग चमकलं.

"अय्या!" मॅडम ताडकन उठल्या. कॉम्प्युटर काकूंनी झेलला. मॅडमनी दोन्ही तळवे आणि नाक काचेला टेकवलं. "हाच का तो? इतका सुंदर असतो? बिचारीची शेपटी बघा, केवढी खाच... गेली, वर गेली! काका, मोजा ना!"

टक. पण त्या आवाजासरशी काकांच्या हातातलं पेन खाली आलं. कुणीतरी विचारलं असतं, तर त्यांनी हळूहळू, वळणं घेत सांगितलं असतं. या आनंदासमोर वळण घ्यायला जागाच नव्हती.

"ही दोनशे बारा," ते म्हणाले.

"हो ना!"

"आणि दोनशे अकराही हीच."

मॅडमचं नाक काचेवरून सुटलं. तिथे वाफेचा एक गोल उरला.

"दोनशे दहासुद्धा," काका म्हणाले. "दोनशे नऊ पण."

"म्हणजे... एकपर्यंत?"

"हो."

"आणि गेल्या वर्षीचे शहाण्णव?"

काकांनी मान खाली घातली. उत्तर काकूंनी दिलं, "तीच भवानी."

मॅडम स्टुलावर बसल्या. काका उभे, साहेबासमोर उभं राहावं तसे. पाणी काचेपलीकडे एकाच सुरात वाहत होतं.

"तुम्ही आधी का नाही..." मॅडमनी वाक्य अर्धंच सोडलं. मग त्यांनी शेपटीवर बोट ठेवलं आणि एक कळ दाबली. निळी रेघ तळाला जाऊन आडवी झाली. "एक म्हणजे पन्नासच्या खालीच. मला दार बंद करायला सांगावं लागेल, काका. मला आवडत नाही, पण सांगावं लागेल."

"सांगा," काका म्हणाले. "तुमचं काहीच चुकत नाही."

मॅडमनी वरच्या चावीवाल्याला फोन लावला. बंधाऱ्याचं चाक फिरवणं एवढंच त्याचं काम, आणि ते दोन-चार वर्षांतून एकदा निघे. त्यामुळे तो चाकाशेजारी तयारच होता. "आधी दोन वेढे द्या," त्या म्हणाल्या, "मग मी सांगते."

वरून लोखंड कुरकुरलं. एक वेढा. दुसरा वेढा. काचेपलीकडचं पाणी खाली बसू लागलं, त्याचा जोर गेला, सूर बदलला. काकूंनी पदराने डोळे पुसले. सवतीसाठी आपण रडतो आहोत हे लक्षात येताच तो पदर काचेवर फिरवला आणि म्हणाल्या, "घाण झालीय."

आणि त्या पुसलेल्या जागेत ती दिसली. वर जाताना. शेपटीला खाच.

"ही परत खाली कधी आली?" काका पुढे सरकले.

तिच्या पोटाला पोट लावून दुसरी निघाली. शेपटीला खाच.

दोघी एका काचेत, एकाच वेळी. मग खालच्या पायरीवरून, पाणी कमी झाल्याने बिथरलेली, तिसरी उसळून आली आणि दोघींच्या मधून घुसून पुढे गेली. तिलाही खाच. अगदी त्याच जागी, नखाएवढी.

काकांचा अंगठा टिकटिकीवर होता. तो दाबलाच गेला नाही.

चावीवाला हात पुसत खाली आला. "अजून किती वेढे द्यायचे मॅडम? गंज चढलाय, एकदम नाही फिरायचं... काय झालं? सगळे काचेला चिकटलेत ते?"

"खाच," मॅडम म्हणाल्या. "तिघींनाही खाच आहे."

"असणारच की. गज लागतो ना त्यांना."

"कुठला गज?"

"शिडीच्या तोंडाशी जाळी नाही का? शहराचा कचरा अडवायला बसवलेली. मागच्या पुरात ओंडका आला, त्याने एक गज वाकवला. आता त्या फटीतून जो घुसतो त्याची शेपटी तो गज ओरबाडतो. मी म्हणतोय कधीपासून, दुरुस्त करा, दुरुस्त करा."

"आणि गज वाकायच्या आधी?"

"आधी कुठून घुसणार? जाळी इतकी बारीक, की माझी करंगळी जात नव्हती."

मॅडमनी विचारलं, "जाळी बसवली कधी?" चावीवाल्याने बोटं मोजून वर्ष सांगितलं. त्यांनी पडद्यावर ते वर्ष शोधलं. तिथून निळी रेघ तळाला टेकली होती. त्यांनी त्या जागेवर बोट ठेवलं, मग चावीवाल्याच्या करंगळीकडे पाहिलं.

काका मात्र काचेशी उभे होते. दोन हंगाम ज्या एकीशी ते सकाळ-संध्याकाळ बोलले, तापात तिच्यासाठी उठून आले, ती यातली कोणती होती? का ती कधी एक नव्हतीच? त्यांच्या चेहऱ्यावर सुटकाही होती आणि काहीतरी हरवल्याचं आश्चर्यही.

काकूंनी स्टुलाशेजारचा थंड चहाचा पेला उचलला. "माझं काय ते सांगा आधी. दोन हंगाम एकीवर जळले. आता किती जणींवर जळू?"

"तेच विचारतेय मी," मॅडम म्हणाल्या. "काका, किती लिहू? दोनशे बारा खरं नाही. एकही खरं नाही."

"चार लिहा," चावीवाला म्हणाला. "आत्ताच्या तीन आणि मघाची एक. मघाची वरच आहे ना?"

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. चार लिहायला काहीच हरकत नव्हती.

"तीन," काका म्हणाले. "मघाची खाली आली नाही असं नाही सांगता येत मला. माझी मान खाली होती."

मॅडमनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग कॉम्प्युटर बंद केला, कागद घेतला, आकडा खोडला आणि सावकाश अक्षरं काढली, ‘किमान तीन’.

"तीन म्हणजे पन्नासच्या खालीच की," काकू म्हणाल्या.

"तीन लिहिलं असतं तर खाली. ‘किमान’ लिहिलं की कुणालाच कळत नाही वर का खाली. मग फाईल शंका विचारायला परत येते. शंकेला उत्तर म्हणून नव्याने मोजणी. या वेळी खाली येणाऱ्यासुद्धा मोजायच्या. अख्खा हंगाम लागेल, आणि तोवर काहीही बंद करता येत नाही." त्यांनी चावीवाल्याकडे मान वळवली. "दोन वेढे उलटे फिरवून या."

"आत्ता तर दिले!"

"आता काढा."

चावीवाला दोन पायऱ्या चढला आणि थांबला. खिशातून चार घड्यांचा, कडा मऊ पडलेला कागद त्याने काढला. "आलाच आहात तर हे एक बघा मॅडम. गजाच्या दुरुस्तीचा अर्ज. तीनदा पाठवला, तीनदा कुणी वाचलाही नाही. ही चौथी प्रत. तुम्ही नेलात तर पोचेल तरी."

मॅडमनी कागद घेतला, उलगडून पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत नीट वाचला. पुन्हा त्याच घड्यांवर मिटला. पिशवीचा एक कप्पा उघडला, मग त्याच्या आतला दुसरा, आणि अगदी तळाशी तो सरकवून वरची चेन ओढून घेतली.

"हा आता माझ्याजवळ राहील," त्या म्हणाल्या.

"बघा काका!" चावीवाल्याचा चेहरा उजळला. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझा अर्ज मनावर घेतला." आणि तो एकेक पायरी गाळत, चाकाकडे, वर धावला.